तिसऱ्या पायरीवरची किल्ली

१. फळ्यांमधले कागद

गरुडटेकडीवरील महालात भाद्रपद वद्य दशमीच्या सकाळी जी चोरी उघडकीस आली, तिच्यात चोराने मोलाचे ते सारे जागच्या जागी ठेवले होते, आणि ज्याला बाजारात कवडीही आली नसती तेवढेच नेले होते.

महालातले जुने कागद सांभाळणाऱ्या कुसुमावतीने काचेच्या पेटीतून पोथी अलगद उचलली, रेशमी रुमालाची गाठ सोडली. शिसवी लाकडाच्या दोन चित्रित फळ्या निघाल्या. वरच्या फळीवर गरुड, खालच्या फळीवर कमळे. फळ्यांच्या मध्ये पोथीच्या मापाने कापलेली जुन्या दिनदर्शिकेची पाने होती.

"शास्त्रीजी," ती हळूच म्हणाली, "ये तो अपनी पोथी नहीं है."

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या यज्ञेश्वरशास्त्री लघाट्यांनी पाने हाती घेतली. चाळीस वर्षे संस्कृत शिकवताना त्यांनी क्रोध हा माणसाच्या अंगातच राहणारा शत्रू आहे, असे मुलांना समजावले होते. त्या सकाळी तो शत्रू त्यांच्या छातीत उठून उभा राहिला.

झाशीबाहेरच्या त्या टेकडीवर एके काळी चिंचाळकर सरदारांचा महाल होता. गदरानंतर तो ओस पडला. पुढे त्याचे धान्याचे कोठार झाले, पुढे वटवाघळांचे घर. सहा वर्षांपूर्वी एका न्यासाने तो सांस्कृतिक केंद्र म्हणून लोकांसाठी उघडला. पागेत वाचनालय आले, दरबारात गाण्याच्या सभा होऊ लागल्या, मुदपाकखान्यात टेकडीखालच्या दतिया गेट वस्तीतल्या मुली चित्रे काढू लागल्या. शास्त्रीबुवांना हे मनापासून रुचले होते. रिकाम्या वास्तूला पिशाच्च धरते, गजबजलेल्या वास्तूत देव राहतो, असे ते म्हणत.

आणि या वास्तूत नावांची पोथी होती. सत्तावन्नच्या बंडाचे पारिपत्य करायला इंग्रज झाशीत शिरले, त्या दिवसांत मेलेल्या त्रेसष्ट माणसांची ती मोडी लिपीतली यादी. त्यांतल्या बहुतेकांच्या मागे पाणी द्यायला कोणी उरले नव्हते, म्हणून सर्वपित्री अमावास्येला महालात ती नावे मोठ्याने वाचायची आणि नावागणिक तिलोदक सोडायचे, असा रिवाज होता. चाळीस वर्षे, महाल ओस होता तेव्हाही, ती नावे शास्त्रीबुवाच वाचत आले होते. पहिले पान मात्र निराळ्या कापडात बांधलेले होते, आणि ते कधीही उघडायचे नाही, असे चिंचाळकर घराण्याने सांगून ठेवले होते. त्या दशमीस पोथीची छायाचित्रे घ्यायची होती. त्यासाठी ते पान प्रथमच उघडले जाणार होते.

"चोर शोधायला कुठे लांब जायचे आहे?" मागून आवाज आला. न्यासाचे कार्यवाह विद्याधर चिंचाळकर आत येत होते. पन्नाशीचे, परीटघडीच्या सदऱ्यातले. महाल बांधणाऱ्या आबासाहेबांचे ते पाचव्या पिढीतील वंशज. "परवा रविवारी संध्याकाळी पोथी पाहुण्यांना दाखवून मीच बांधून ठेवली. काल सोमवार, केंद्र बंद. पेटीच्या किल्ल्या दोन. एक कचेरीच्या कपाटात, एक रुक्मिणीपाशी. काल टेकडीवर एकटी कोण होती?"

रुक्मिणी दारातच उभी होती. साठीची, सडपातळ बाई. पाच पिढ्या तिचे घराणे महालाची देवडी राखत आले होते.

"अमावास्येपर्यंत पोथी परत आली तर ठीक," विद्याधर म्हणाले. "नाही तर देवडी रिकामी करायची आणि पुढचे ठाण्यात बोलायचे. किल्ल्या इकडे दे."

रुक्मिणीने कमरेचा जुडगा सोडून टेबलावर ठेवला. कमरेला त्याचा काळपट वण पडलेला होता.

शास्त्रीबुवा अंगणात आले. आमराईखाली एक संगमरवरी बाक होते. त्यावर कोरलेले होते: 'कै. बापूराव चिंचाळकर यांच्या स्मरणार्थ, पत्नी जानकीबाई यांजकडून.' नेहमीप्रमाणे उपरण्याने ती अक्षरे पुसून ते बसले. अमावास्येच्या संध्याकाळी व्हायच्या ध्वनिप्रकाशाच्या कार्यक्रमाची तालीम चालली होती. कर्ण्यातून गंभीर आवाज घुमला: "इस महल ने उस दिन सबको शरण दी."

२. देवडीतील नवमी

"बसा शास्त्रीजी. चहा ठेवते. चोराच्या घरचा चालेल ना?"

"चोराच्या घरचा प्यायलो असतो की नाही सांगता येत नाही. तुझ्या घरचा पितो," शास्त्रीबुवा म्हणाले आणि देवडीच्या ओट्यावर टेकले. "काल काय काय केलेस ते सांग."

"काल आईची नवमी होती. आई अहेव गेली माझी, बाबांच्या आधी. तिच्या नावाने दरसाल एक सवाष्ण जेवू घालते. दतिया गेटची इंदूकाकी. तिला चढ चालवत नाही, म्हणून मीच रिक्षाने आणली आणि दुपारी सोडायला गेले."

"किती वेळ?"

"घंटाभर. दिंडी दरवाजाला कुलूप लावून गेले होते. विद्याधरभैयाजींना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, आईची नवमी आहे, दुपारी खाली जाईन म्हणून. जुडगा माझ्या कमरेलाच होता."

स्टोव्हवर चहा उतू गेला. तिने तो जाऊ दिला.

"मला वाचता येत नाही, शास्त्रीजी. पण त्या पोथीत आमचा तुळजी पाणक्या आहे. सदतिसावं नाव. मी माझ्या तुळजीला चोरेन? कोणाला विकीन?" तिचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच तो ऐकवत नव्हता. "आणि यंदा भैयाजी म्हणतात, अमावास्येला मोठा दरवाजा बंद राहील. निमंत्रणपत्रिका असेल त्यालाच आत. आजवर त्या दिवशी दरवाजा सताड असतो आणि आमच्यातलं एक माणूस बाहेर तिसऱ्या पायरीवर किल्ली घेऊन बसतं. माझी आजी बसली, आई बसली."

"का बसायचे, ते कोणी सांगितले होते?"

"नाही. बसायचं एवढंच ठाऊक. आधी म्हणे घरधनी बसायचे. त्यांनी सोडलं, आम्ही धरलं."

३. बडा बाजार

बडा बाजारात मार्तंड सोनटक्क्यांचे जुन्या चीजवस्तूंचे दुकान होते. महिन्यापूर्वी ते पोथी पाहायला टेकडीवर दोनदा येऊन गेले होते, ही गोष्ट शास्त्रीबुवा विसरले नव्हते.

"या, या. वैकुंठाला जाण्याआधी आमच्या नरकात पायधूळ," मार्तंडरावांनी एका फुटक्या हंडीवरून मांजर हाकलून जागा केली. "पोथी गेली म्हणतात. माझ्यावर संशय घ्यायला आलात ना? घ्या. आमच्या बायकोनेही सकाळीच घेतला."

"तुम्ही ती मागितली होती."

"फळ्या मागितल्या होत्या, शास्त्रीजी. कागद तुमचा तुम्हाला लखलाभ, असंच म्हणालो होतो विद्याधरला. तसलं काम आता होत नाही. त्या फळ्यांवर एखाद्या गरिबाचं घर उभं राहील. आणि तो रुमाल, तोही हातचा जाऊ देण्यासारखा नाही." ते थांबले. "फळ्याही गेल्या का?"

"फळ्या आहेत. रुमाल आहे. कागद गेले."

मार्तंडरावांच्या चेहऱ्यावरचा विनोद मावळला. "मग हा चोर नव्हे," ते म्हणाले. "चोर आमच्या ओळखीचे असतात. हा दुसराच कोणी आहे."

तेथून शास्त्रीबुवा प्रेमनगरात कुसुमावतीच्या घरी गेले. सव्वीस वर्षांची ती मुलगी मराठी समजे, पण बोलताना अडखळे. रडून तिचे डोळे सुजले होते.

"कचेरीचं कपाट मी पण उघडू शकते," ती स्वतःहूनच म्हणाली. "मुझे मालूम है, तुम्ही तेच विचारायला आलात."

"पोथी तुला कशाला हवी असती?"

"वाचायला. पर वो तो मुझे मिलने ही वाली थी. दुसऱ्याच दिवशी फोटो घ्यायचे होते. सगळी पानं. पहिलंसुद्धा."

"पहिले पान उघडायचे, हे आणखी कोणाला ठाऊक होते?"

"विद्याधरजींना. मीच सांगितलं शनिवारी. त्यांनी परमिशन दिली. बोले, ठीक है, खोल लो."

शास्त्रीबुवा उठले. दाराशी येऊन ते थबकले. "आणि ते काही म्हणाले?"

"नाही. बस्, पूछा कि मोडी और कौन पढ़ सकता है. मी म्हटलं, झाशीत फक्त शास्त्रीजी."

४. कार्यवाहांचे उत्तर

श्राद्धांचे दिवस. शास्त्रीबुवांना घरोघर बोलावणी होती. ती सोडता येत नव्हती. विद्याधर भेटले ते चतुर्दशीला, कचेरीत. मागे नव्या दालनाचे फलक उभे करून ठेवले होते. एकावर ठळक अक्षरांत 'शरणदाता महल' असे लिहिले होते.

"मी तुमचा आदर करतो, शास्त्रीबुवा," विद्याधर नम्रपणे म्हणाले. "पण गरिबाची कणव येऊन सत्य बदलत नाही. त्या बाईला कोणीतरी फूस लावली. उद्या अडीचशे पाहुणे येणार. ध्वनिप्रकाशात सगळा इतिहास येतोच. त्रेसष्ट नावे ऐकायला कोणाला वेळ आहे?"

"मृतांना आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. "तुम्ही स्वतः सोमवारी कोठे होतात?"

विद्याधर हसले. "मलाही विचारता? विचारा. ओरछ्याला होतो, बेतवेच्या काठी. आईचे श्राद्ध होते. नवमी होती ना. सकाळी गेलो तो दिवेलागणीला परतलो. गाडी मीच चालवत होतो."

"एकटेच?"

"आईचे श्राद्ध करायला वरात लागते काय?"

शास्त्रीबुवांनी मान डोलावली. उत्तर सरळ होते. तरी पायऱ्या उतरताना त्यांना काहीतरी खटकत राहिले. जेवणात खडा यावा, पण जिभेला सापडू नये, तसे.

खडा सापडला तो दुसऱ्या दिवशी. अमावास्येचे स्वतःचे तर्पण आटोपून ते चार वाजता टेकडीवर आले. मोठा दरवाजा बंद होता. बाहेर पायऱ्यांवर दतिया गेटची, बडा बाजारातली शंभरेक माणसे तांब्ये, तीळ, दर्भ घेऊन उभी होती. दिंडीतून पत्रिका पाहून एकेक पाहुणा आत घेतला जात होता. आत जाऊन शास्त्रीबुवा आमराईखालच्या बाकाजवळ आले आणि सवयीने उपरणे फिरवू लागले.

त्यांचा हात अक्षरांवरच थांबला. त्यांनी ओळ पुन्हा वाचली. मग ते बसले नाहीत. उभ्या आयुष्यात कधी कोणाला धाडला नव्हता, तसा निरोप त्यांनी कुसुमावतीबरोबर पाठवला: "विद्याधरांना म्हणावे, असाल तसे या."

५. बाकावरची ओळ

विद्याधर आले तेव्हा बाकाजवळ रुक्मिणी, कुसुमावती आणि मार्तंडराव उभे होते.

"पाहुणे खोळंबले आहेत, शास्त्रीबुवा."

"पायऱ्यांवरचेही खोळंबले आहेत. विद्याधर, हे बाक कोणी बसवले?"

"आईने. बाबांच्या आठवणीसाठी. त्यात काय?"

"म्हणजे बापूराव आधी गेले, आणि जानकीबाई मागाहून."

"सहा वर्षांनी. पण याचा आज काय..."

"नवमीला नाव आहे. अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या स्त्रीचे श्राद्ध त्या दिवशी होते. रुक्मिणीच्या आईचे झाले. माझ्या आईचे मी केले. मागाहून गेलेल्या तुमच्या आईला पाणी वडिलांच्या तिथीला द्यायचे, ही तिची तिथी नव्हेच. कोणताही गुरुजी पळी हातात घेण्याआधी विचारतो, आई अहेव गेली काय. तुम्हाला तो प्रश्न कोणी विचारला नाही, कारण तुम्ही कोणापुढे बसलाच नाहीत. दिंडीची एक किल्ली कार्यवाहांपाशीही असते. नवमी तुम्हाला ठाऊक झाली ती रुक्मिणीमुळे. तिने आदल्या दिवशी तुम्हाला सांगितले, आईची नवमी आहे, दुपारी मी नसेन. त्या वाक्यातून तुम्ही दोन गोष्टी उचलल्यात. चोरीची वेळही तिची, आणि वर सबबही तिचीच."

कर्ण्यावर कोणी तबला जुळवत होते.

"फळ्या आणि रुमाल ज्याने सोडले त्याला पैसा नको होता," शास्त्रीबुवा पुढे म्हणाले. "म्हणून तो मार्तंडराव नव्हे. ज्याला पोथी वाचायची होती तिला ती दुसऱ्या दिवशी हातात मिळणारच होती. म्हणून ती कुसुमावती नव्हे. रुक्मिणीला अक्षर कळत नाही. लिहिलेल्याचे तिला भय कसले? कागद नेईल तो एकच, ज्याला कागदावर काय आहे ते उघड व्हायला नको. पहिले पान उघडणार, हे कळल्यावर तुम्ही कुसुमावतीला विचारलेत, मोडी आणखी कोणाला येते. त्यात काय आहे, तुम्हाला कसे कळले?"

विद्याधर बाकावर बसले. त्यांच्या आईच्या नावावर त्यांचा हात पडला होता. त्यांनी तो काढून घेतला.

"बाबांनी सांगितले होते," ते म्हणाले. "त्यांना त्यांच्या बाबांनी. मी लोकांसाठी एवढे केले शास्त्रीबुवा, हे वाचनालय, या सभा. एका पानाने सगळे नासले असते. जाळायला गेलो होतो. दोनदा काडी ओढली. पितृपक्षात हात झाला नाही."

"कोठे आहे?"

"गाडीच्या डिकीत. स्टेपनीखाली."

मार्तंडराव खाली थुंकले. "जॅक पण ठेवला असशील वर," ते म्हणाले आणि गाडीची किल्ली मागायला हात पुढे केला.

पोथी आली. तिला टायरचा वास येत होता. शास्त्रीबुवांनी ती उपरण्यात घेतली, निराळे कापड सोडले आणि चाळीस वर्षे समोर असून न पाहिलेले पान डोळ्यांजवळ धरले. पाहुण्यांतले काही जण जवळ येऊन उभे राहिले होते. ते मोठ्याने वाचू लागले:

"शके सत्राशे ऐंशी, चैत्र वद्य पक्षीं शहर लुटीस लागले. लोक टेकडी चढोन आले. बायका होत्या, मुले होती. मी आबाजी, या घराचा धनी, मी दरवाजा लाविला. किल्ली माझे हाती होती. तीन प्रहर दार वाजत होते. मग वाजावयाचे राहिले. गोऱ्यांस दोष देणे सोपे. दार मी लाविले. नावे विचारून विचारून लिहिली. जो या घराचा धनी होईल त्याने सर्वपित्रीस हे पान आधी वाचावे. दार सताड ठेवावे. आपण किल्ली घेऊन बाहेर तिसरे पायरीवर बसावे, नावे संपेतो उठू नये. तेथवर रक्त आले होते. हे पान झाकील तो माझा नव्हे."

वाचून झाल्यावर शास्त्रीबुवांनी पान उपरण्यावर ठेवले. 'आधी वाचावे' असे त्या माणसाने लिहिले होते. आणि ज्यांनी 'उघडू नये' असे सांगितले, त्यांचे शास्त्रीबुवांनी ऐकले होते. चाळीस वर्षे, मोठ्या आदराने. त्या क्षणी त्यांना विद्याधरांचा आला त्याहून अधिक राग स्वतःचा आला.

"आबासाहेबांनी पाप केले आणि ते सांगितले," ते म्हणाले. "तुम्ही पुण्य केलेत, आणि त्याच्याखाली त्रेसष्ट माणसे पुन्हा पुरलीत. ती कमी पडली म्हणून वर ही चौसष्टावी." त्यांनी रुक्मिणीकडे बोट केले. "सांभाळ करणारी. तिला चोर म्हणालात. आजही दार लावून बसलात. बाहेर ऐका."

सर्वांनी ऐकले. मोठ्या दरवाज्यावर कोणी हाताने थापा मारत होते. घाई नव्हती त्या थापांत. वेळ टळत चालली होती, एवढेच त्या सांगत होत्या.

रुक्मिणी पुढे झाली. विद्याधरांच्या कमरेजवळ तिने हात पसरला. त्यांनी जुडगा काढून दिला. तिने त्यातली मोठ्या दरवाज्याची किल्ली नुसती चाचपून ओळखली, चालत गेली आणि कुलूप काढले. दोन्ही कवाडे तिने भिंतीला टेकेपर्यंत ढकलली. माणसे आत आली. कोणी पत्रिका विचारली नाही.

मग तिने किल्ली जुडग्यातून वेगळी केली आणि विद्याधरांपुढे धरली.

"बसा," ती म्हणाली. "आम्ही पुष्कळ बसलो."

परीटघडीच्या सदऱ्यातले कार्यवाह अडीचशे पाहुण्यांच्या देखत दरवाज्याबाहेर गेले आणि तिसऱ्या पायरीवर बसले.

शास्त्रीबुवांनी जानवे उजव्या खांद्यावर घेतले, दक्षिणेकडे तोंड केले आणि नावे सुरू केली. अंगणभर तांब्यातून पाणी पडू लागले. दहाव्या-बाराव्या नावाशी त्यांच्या ध्यानात आले की आपला आवाज एकटा नाही. मागे उभी राहून रुक्मिणी प्रत्येक नाव त्यांच्या आधी अर्धा श्वास उच्चारत होती. सखू भडभुंजीण. गुलाम गोलंदाज. नारो हरी आणि त्याची धाकटी. तिला पोथीची गरज नव्हती. ते कागद जळले असते तरी एकही नाव जळणार नव्हते, आणि हे या महालात कोणाच्याही ध्यानी आले नव्हते, कारण तिला कोणी कधी विचारलेच नव्हते. सदतिसाव्या नावाला शास्त्रीबुवा मुद्दाम थांबले. तुळजी पाणक्या तिने एकटीने म्हटला.

त्रेसष्टावे नाव संपले तेव्हा ऊन पायऱ्यांवरून उतरले होते. विद्याधर उठले, दाराशी आले. उंबऱ्याबाहेर त्यांचा पाय अडला.

"रुक्मिणी," ते खाली पाहत म्हणाले, "मी आत येऊ?"

रुक्मिणीने त्यांच्या हातून किल्ली घेतली आणि जुडग्यात ओवली.

"दार उघडंच आहे, भैयाजी," ती म्हणाली. "आमच्या माणसांनी तीन प्रहर विचारलं होतं."

आणि तिने पाठ वळवली.